केस पेपर कॉम्प्युटरवर नेताना: सोलापूरच्या एका हॉस्पिटलचं प्रकरण

पार्श्वभूमी

हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, आणि सोलापूरचे लोक दोन खुणांत ओळखतात म्हणून खुणा पण थोड्या बदलल्यात. शंभर-सव्वाशे बेडचं, ट्रस्टचं हॉस्पिटल. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, बाळंतपणाचा वॉर्ड, लहान मुलं, एक आयसीयू आणि डायलिसिसची चार मशीन. पेशंट शहरातले असतातच, शिवाय अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा आणि पलीकडून कर्नाटकातले इंडी, अफझलपूर, विजापूरकडचे. त्यामुळं ओपीडीच्या एकाच बाकड्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दखनी हिंदी अशा चारही भाषा बसलेल्या असतात. मी तेव्हा तिथं प्रशासन बघायचो.

कॉम्प्युटर नव्हते असं नाही. बिलिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, लॅबचं वेगळं, मेडिकल स्टोअरचं तिसरंच, आणि तिघांची आपसात ओळख नाही. बाकी सगळं कागदावर: ओपीडीचा केस पेपर, इनडोअरची फाईल, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता), ट्रीटमेंट शीट (कुठलं औषध कधी दिलं त्याचा कागद), नर्सेस नोट्स. डिस्चार्ज झाला की फाईल जिन्याखालच्या रेकॉर्ड रूममध्ये जायची. तिथं एक काका होते, सव्वीस वर्षं तेच काम. त्यांना "तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली, वळसंगची बाई" एवढं सांगितलं तरी दहा मिनिटांत फाईल हातात. या काकांचं काम आम्हाला किती कमी कळलं होतं ते पुढं येईलच.

बदलायचं का ठरलं? कारणं बरीच होती. सरकारी योजनेतून उपचार होणाऱ्या पेशंटची कागदपत्रं अपलोड करायची सवय जुनी, कारण 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना (आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली) ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं. पण फाईलमधला एक कागद गहाळ झाला की क्लेम, म्हणजे योजनेकडून मिळायचे पैसे, अडकायचा, आणि कागद तर रोज गहाळ व्हायचा. दुसरं, वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणं पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं लागतं आणि इनडोअरचं रेकॉर्ड 3 वर्षं जपावं लागतं. काका रजेवर असले की 72 तास कमी पडायचे. शिवाय सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालं आणि ट्रस्टच्या मीटिंगमध्ये प्रत्येकजण "आभा नंबर, आभा नंबर" (या मिशनमधला पेशंटचा ओळख नंबर) करायला लागला. पण खरं सांगायचं तर ट्रस्टींना कोल्हापूरचं कुठलं तरी हॉस्पिटल बघून आल्यावर उत्साह आला, सुरुवात अशीच झाली.

अडचण

आम्ही कागदावर लिहिलेली अडचण होती "रेकॉर्ड सापडत नाही, क्लेम अडकतो, रिपोर्ट वेळेवर मिळत नाही". ती खोटी नव्हती, पण ती ऑफिसची अडचण होती. सिस्टरची अडचण वेगळी: डॉक्टरांचं अक्षर कळत नाही आणि राऊंड झाल्यावर औषध बदललंय ते स्टोअरला कळायला दोन तास जातात. डॉक्टरांची अडचण: मागच्या वेळचे रिपोर्ट पेशंट पिशवीतून काढतो, त्यात निम्मे शेजाऱ्याचे असतात. आणि पेशंटची अडचण: तीन ठिकाणी रांग.

या चार याद्या आम्ही सुरुवातीला एकत्र मांडल्याच नाहीत. सॉफ्टवेअर निवडायच्या डेमोला कोण होतं? दोन ट्रस्टी, मी, अकाउंटंट आणि एक तरुण सर्जन ज्यांना कॉम्प्युटरची आवड. वॉर्डची एकही सिस्टर नाही, रेकॉर्डवाले काका नाहीत, रजिस्ट्रेशनच्या खिडकीवरची मुलगी नाही. डेमो एकदम झकास झाला, अर्थातच, डेमोतल्या पेशंटचं नाव स्पष्ट असतं, जन्मतारीख माहीत असते आणि त्याच्यामागं दुसरा पेशंट उभा नसतो.

कोणते पर्याय होते

एक म्हणजे काहीच न बदलता फक्त जुन्या फाईली स्कॅन करायच्या. याला ट्रस्टमध्ये बराच पाठिंबा होता, कारण स्वस्त वाटत होतं. दुसरा, ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येतं असं सॉफ्टवेअर घ्यायचं. बाह्मनी नावाची सिस्टीम आहे, ती छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या कामातून वाढलेली, ओपनएमआरएस या पेशंटच्या नोंदींच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर बांधलेली, लायसन्सचे पैसे नाहीत. मला ती मनापासून आवडली होती, पण सांभाळायला आपल्याकडं एक तरी जाणकार माणूस पाहिजे आणि सोलापुरातले जाणकार पोरं पुण्याला जातात हे काय सांगायला नको. तिसरा, बाजारातलं तयार सॉफ्टवेअर, ज्यात बिलिंग, लॅब, स्टोअर, वॉर्ड सगळं एकत्र. तिसरा घेतला.

मग सर्व्हर आपल्याकडं ठेवायचा की क्लाउडवर यावर महिनाभर वाद. त्याच काळात, 23 नोव्हेंबर 2022 ला, दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला आणि तिथं पंधरा-एक दिवस हातानं काम चाललं. ट्रस्टी घाबरले आणि म्हणाले सर्व्हर आपल्या डोळ्यासमोर पाहिजे. आता एम्सचा सर्व्हर पण त्यांच्या डोळ्यासमोरच होता, पण ते ऐकायच्या मनस्थितीत कुणी नव्हतं. सर्व्हर आला आणि जागा नाही म्हणून रेकॉर्ड रूमच्या शेजारच्या कोंदट खोलीत बसला.

या टप्प्यावर एक गोष्ट बरोबर झाली. करारात आम्ही लिहून घेतलं की कंपनी सोडली तर सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळाला पाहिजे आणि निदानासाठी आयसीडी-10 चे (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे) कोड वापरले पाहिजेत, कंपनीचे स्वतःचे नाही. केंद्र सरकारची 2016 ची ईएचआर (कॉम्प्युटरवरच्या आरोग्य नोंदींची) मानकं मी वाचली होती, त्याचा तेवढा उपयोग झाला.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

सुरुवात ठरली जानेवारी 2023 चा दुसरा आठवडा. सोलापूरचा कुणीही माणूस इथंच कपाळाला हात लावेल. ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा! नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा, रस्ते वळवलेले, निम्म्या सिस्टर आणि मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आया) रजेवर, कारण ज्यांच्या घरात काठीचा, म्हणजे नंदीध्वजाचा, मान आहे ते कसे कामावर येतील. कंपनीचे ट्रेनर पुण्याचे, त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि आम्हाला माहीत असून आम्ही "नवीन वर्ष, चांगला मुहूर्त" म्हणून हो म्हणालो. हा निर्णय मी घेतला होता, दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलत नाही.

सगळे विभाग एकाच दिवशी सुरू केले. मेडिसिनच्या मोठ्या सरांची ओपीडी रोज ऐंशी-नव्वद पेशंटची. सर दोन बोटांनी टाईप करणार, पेशंटकडं बघायचं सोडून स्क्रीनकडं बघणार, मग तापाला तीस ऑप्शनमधला एक निवडणार. अकरा वाजता बाहेर गलका सुरू झाला. बारा वाजता सरांनी मला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "मी पेशंट बघायलोय का टायपिंगची परीक्षा द्यायलोय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी केस पेपर मागवला आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी.

वॉर्डात त्याहून वाईट. खबरदारी म्हणून आम्ही सांगितलं होतं की तीन महिने कागद पण चालू ठेवा आणि कॉम्प्युटर पण. म्हणजे सिस्टरनं बीपी चार्टवर लिहायचं, मग तेच कॉम्प्युटरवर भरायचं. रात्रपाळीला तीस पेशंटमागं दोन सिस्टर. मग काय होणार, कागद वेळेवर आणि कॉम्प्युटर पहाटे पाचला एकदम, सगळ्यांचं तापमान 98.6. कुणाला दोष द्यायचा? इन्चार्ज सिस्टर एका मीटिंगमध्ये म्हणाल्या, "सर, एकदा लिवायचं सांगा, कुठं पण सांगा, पण एकदाच." तेव्हा आम्ही मान हलवली आणि काही केलं नाही.

कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) तर सिस्टीम म्हणायची आधी रजिस्ट्रेशन करा, मगच औषध आणि तपासण्यांची ऑर्डर. अपघाताचा पेशंट आणलाय, सोबत आलेला माणूस फक्त रिक्षावाला, नाव माहीत नाही, मोबाईल नंबरची चौकट रिकामी सोडता येत नाही. ब्रदरनं स्वतःचा नंबर टाकून काम चालवलं. महिनाअखेरीस त्या ब्रदरच्या मोबाईलवर नऊ पेशंट होते.

यावरून मी नंतर वाचत बसलो तेव्हा समजलं की हे आपल्याकडंच होतं असं नाही. पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलाचा 2005 साली छापलेला अभ्यास आहे: ऑर्डरची नवी सिस्टीम आल्यावर बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्के झालं. त्यांनी दिलेल्या कारणांत एक हेच होतं, की मूल दारात येऊन नोंद होईपर्यंत ऑर्डर टाकता येत नव्हती, आधी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच तयारी व्हायची. गंमत म्हणजे तीच सिस्टीम सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलानं नीट तयारी करून बसवली तेव्हा असं काही दिसलं नाही. आणि लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाईनं तर 2003 च्या जानेवारीत, शेकडो डॉक्टर चिडल्यावर, तीन महिन्यांत सिस्टीम बंद करून टाकली होती. हे वाचून मला जरा बरं वाटलं हे खोटं कशाला बोलू.

दोन महादेवी

फेब्रुवारीत जे झालं त्यानं मात्र सगळ्यांची झोप उडाली. मेडिसिन वॉर्डात एक महादेवी, वय पन्नासच्या आसपास, किडनीचा त्रास. त्याच आठवड्यात सर्जरीच्या वॉर्डात दुसरी महादेवी, वय तेवढंच, नवऱ्याचं नाव सिद्राम. पहिलीच्या पण नवऱ्याचं नाव सिद्रामच. लॅबचा पोटॅशियमचा रिपोर्ट दुसरीच्या नावाखाली गेला. डॉक्टरांनी स्क्रीनवर बघून ऑर्डर टाकली, आणि इंजेक्शन भरता भरता सिस्टर थांबली, कारण "ह्या बाईला किडनीचं काही नाही, मी तर काल तिची हिस्टरी ऐकली". पेशंटला काही झालं नाही, पण ते सिस्टरमुळं, सिस्टीममुळं नाही.

नंतर शोधलं तर रजिस्ट्रेशनमध्ये काय काय निघालं! सोलापुरात ग्रामदैवताच्या नावानं नाव ठेवलेला माणूस घरटी एक. सिद्राम, सिद्धाराम, सिद्धेश्वर, सिद्रामप्पा, आणि इंग्रजीत भरताना कुणी एक डी लावतो, कुणी दोन, कुणी मध्ये एच घुसवतो. एकच माणूस तीन वेळा तीन नंबरांनी, आणि तीन वेगळी माणसं एका नंबरात. तेलुगू घरांतली आडनावं कुणी आधी लावली कुणी नंतर. मोबाईल नंबर अख्ख्या घराला एकच, तोही पुण्यात कामाला असलेल्या पोराचा. वय विचारलं तर "लिहा की पन्नास". जन्मतारखेच्या चौकटीत सगळ्यांची 1 जानेवारी.

निर्णय काय घ्यायचा? कंपनी म्हणाली आधार नाहीतर आभा नंबर सक्तीचा करा. आभा चौदा अंकी नंबर आहे, ओळखीला चांगला, पण तो ऐच्छिक आहे आणि रात्री दोनला दुखणं घेऊन आलेल्या बाईकडं तो नाही म्हणून तिला थांबवायचं का? मी आणि मोठे सर दोघंही नाही म्हणालो. लॅबचं जोडणीचं काम आम्ही तिथल्या तिथं बंद केलं आणि रिपोर्ट परत कागदावर आणले. ट्रस्टमध्ये बोलणी खाल्ली, माघार घेतली म्हणून. आज पण मला तो सगळ्यात बरोबर निर्णय वाटतो.

आणि मग शेवटी काकांना विचारलं.

काकांच्या रजिस्टरमध्ये नावापुढं चार रकाने होते: बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ गाव (राहण्याचं नाही, मूळ), घरातलं ओळखीचं माणूस, आणि एक "खूण" म्हणून रकाना. खुणेत काय काय: "डाव्या पायाला रॉड", "विडी कारखाना", "जुळ्यांची आई". सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती आणि ती कुठंच लिहिलेली नव्हती, सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर लांबच, आम्हालाच माहीत नव्हती. काका म्हणाले, "तुम्ही राहतं गाव लिहिता, ते बदलतंय. मूळ गाव विचारा, ते माणूस मरेपर्यंत बदलत नाही."

दुसरा प्रयत्न

मार्च ते जून आम्ही नवीन काहीच सुरू केलं नाही. फक्त बिलिंग आणि स्टोअर चालू. मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला, बाहेर सोलापूरचं ऊन, सर्व्हर गरम होऊन आपोआप बंद झाला आणि दुपारचे चार तास बिलं हातानं फाडली. त्याच आठवड्यात दुसरा एसी, खोलीत तापमानाचा अलार्म आणि रोजचा बॅकअप हॉस्पिटलच्या बाहेर एका ठिकाणी ठेवायची व्यवस्था मंजूर झाली. आधी तीन वेळा मागितलं होतं तेव्हा नाही झालं.

या काळात एक काम केलं जे डेमोच्या आधी करायला पाहिजे होतं. प्रत्येक विभागात जाऊन बसलो आणि एका पेशंटमागं किती कागद फिरतात, कोण काय लिहितं, आणि न लिहिता कोण काय लक्षात ठेवतं ते उतरवलं. "न लिहिता" हा भाग महत्त्वाचा. उदाहरणार्थ स्टोअरचा माणूस औषध देताना डोस जास्त वाटला तर खिडकीतून वॉर्डला हाक मारायचा. कॉम्प्युटरवर इंडेंट (वॉर्डची औषधांची मागणी) गेल्यावर ती हाक बंद झाली होती, कारण त्याला आता वाटायचं मशीननं तपासलं असेल.

सुरुवात यावेळी आषाढी वारी झाल्यावर, म्हणजे जुलै 2023 च्या मध्यावर ठेवली, कारण आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडून पेशंट वाढतात. एकावेळी एकच विभाग. आधी रजिस्ट्रेशन: काकांचे रकाने सॉफ्टवेअरमध्ये टाकून घेतले, वेबकॅमनं फोटो, मनगटाला बारकोडचा पट्टा. नावाशी जुळणारं कुणी आधी असेल तर स्क्रीनवर फोटोसकट यादी येते आणि खिडकीवरच्या मुलीनं मूळ गाव विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. कॅज्युअल्टीसाठी एक बटण: अनोळखी पेशंट, तात्पुरता नंबर, सगळ्या ऑर्डर लगेच चालू. नंतर ओळख पटली की दोन नोंदी जोडायच्या, पण तो अधिकार फक्त दोघांना, त्यातले एक काका. काकांना माऊस धरायला शिकवायला पंधरा दिवस लागले.

मग लॅब. रिपोर्ट डॉक्टरांच्या स्क्रीनवर आपोआप यायला लागले आणि इथं पहिल्यांदा डॉक्टर स्वतःहून कॉम्प्युटरकडं आले, कारण त्यांना काही भरायचं नव्हतं, फक्त मिळत होतं. आयसीयूतल्या एका सरांनी मागच्या चार महिन्यांतल्या क्रिएटिनीनचा (किडनीच्या तपासणीचा) आलेख बघितला आणि म्हणाले हे आधी का नाही दिलं. मला हसू आलं, जानेवारीत हेच होतं, पण त्याच्यावर तीस चौकटी भरायचं ओझं होतं.

ओपीडीत कोण टाईप करणार हा मोठा वाद. पर्याय तीन: डॉक्टरांनीच करायचं, बोलून टाईप करायचं, नाहीतर मदतनीस ठेवायचा. बोलून टाईप करणं मोठ्या सरांवर करून बघितलं, पण सर पेशंटशी कन्नडमध्ये बोलतात, सिस्टरशी मराठीत आणि औषधाचं नाव इंग्रजीत, मशीननं जे छापलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी दोन सगळ्यात गर्दीच्या ओपीडीत मदतनीस मुली ठेवल्या, बी.एस्सी. झालेल्या, एकीला कन्नड येणारी. ती लिहिते, सर वाचून मान्य करतात, जबाबदारी सरांची. पगाराचा खर्च आहेच. बाकीच्या ओपीडीत डॉक्टरांच्या नेहमीच्या पंचवीस-तीस औषधांची त्यांच्याच पद्धतीची तयार यादी करून दिली, तेवढ्यावर त्यांचं भागलं. पेशंटला छापील चिठ्ठी मिळायला लागली, त्यात सकाळ-दुपार-रात्र साठी सूर्य आणि चंद्राची चित्रं. बायका ती चिठ्ठी घरी भिंतीला चिकटवतात असं ऐकलं.

कागद बंद करायचा दिवस

वॉर्डात शेवटी आलो, दिवाळी झाल्यावर. इथं इन्चार्ज सिस्टरचं वाक्य आठवून ठरवलं की दोन्हीकडं लिहिणं फक्त दहा दिवस. त्यानंतर टीपीआर चार्ट आणि ट्रीटमेंट शीटची छपाईच बंद. प्रेसला तसं पत्र दिलं. कंपनीचा माणूस म्हणाला धोका आहे. होता पण. पण आमचा अनुभव असा की कागद हाताशी असेपर्यंत कॉम्प्युटर हा नेहमी नंतर भरायचा कागद राहतो.

अकराव्या दिवशी गेलो तर सर्जरी वॉर्डात ट्रीटमेंट शीट आहेतच! गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून जुन्या कोऱ्या शीटच्या प्रती काढून आणलेल्या, एक रुपयाला एक, सिस्टरनी वर्गणी काढून. मी रागावलो नाही, विचारलं का. तर त्या वॉर्डात एकच कॉम्प्युटर, तोही काउंटरवर, आणि औषधं द्यायची ती बेडपाशी. उठून जाऊन परत येऊन टिक करायची. म्हणजे चूक आमचीच. ट्रॉलीवर बसवलेले लॅपटॉप प्रत्येक वॉर्डाला दोन दिले, चार्जिंगचा पॉइंट औषधाच्या कपाटाजवळ काढला. झेरॉक्सचा धंदा तिथं संपला.

अजून दोन गोष्टी या टप्प्यातल्या. डॉक्टरांच्या रोजच्या नोट्समध्ये कालचं आज चिकटवायची सोय होती. एका पेशंटच्या चार दिवसांच्या नोट्समध्ये "ताप नाही" असं होतं आणि शेजारच्याच आलेखात 102 ताप. ती सोय रोजच्या नोट्सपुरती आम्ही काढून टाकली, ज्युनिअर डॉक्टर नाराज झाले, पण नोट्स छोट्या झाल्या आणि खऱ्या झाल्या. दुसरं, औषधांच्या धोक्याच्या सूचना. सुरुवातीला प्रत्येक चिठ्ठीला पाच-सहा लाल चौकोन, लोक न वाचता ओके ओके करत सुटले. जगभर हेच आहे, 2006 च्या एका आढाव्यात 49 ते 96 टक्के सूचना डॉक्टर बाजूला सारतात असं दिसलं होतं. आम्ही ॲलर्जी, एकच औषध दोनदा, आणि किडनीच्या पेशंटला न चालणारी काही औषधं एवढंच ठेवलं. आणि स्टोअरवाल्याला सांगितलं, तू हाक मारायची बंद करू नको.

लॉगिनचा घोळ वेगळाच. अख्ख्या वॉर्डाचा एकच पासवर्ड, मॉनिटरला चिकटवलेला. कुणी काय भरलं कळणार कसं? प्रत्येकाला कार्ड दिलं, टेकवलं की उघडतं, कारण पासवर्ड टाईप करायला लावला असता तर चिठ्ठी परत चिकटलीच असती.

काय साधलं

लॅबचा रिपोर्ट शोधायला कुणी मामाला पाठवत नाही. योजनेच्या क्लेमला कागद कमी म्हणून शंका येणं बरंच कमी झालं, कारण आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) लागणारी यादी डिस्चार्जच्या आधीच स्क्रीनवर दिसते. पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतं. महिन्यातून एकदा मुद्दाम दोन तास सिस्टीम बंद करतो आणि प्रत्येक वॉर्डात ठेवलेल्या लाल पेटीतले कागद काढून काम करायची सवय ठेवतो. खरोखर लाईट आणि नेट दोन्ही गेले त्या दिवशी ती पेटी कामाला आली.

मोठे सर आता दुपारी तीनपर्यंत ओपीडी उरकतात. पण एक सर्जन अजून ऑपरेशन नोट्स कागदावरच लिहितात, चित्र काढून, आणि ती चित्रं इतकी चांगली असतात की आम्ही ती स्कॅन करतो आणि गप्प बसतो. एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद आणि संमतीपत्रं पण कागदावरच आहेत.

परत करायचं झालं तर

गड्ड्याचं सांगून झालं. डेमोला सिस्टर आणि रजिस्ट्रेशनची मुलगी यांना आधी बसवलं असतं, आणि कंपनीला त्यांच्या नमुन्याऐवजी आमचे पन्नास खरे पेशंट, नावं बदलून, भरायला लावले असते. दोन सिद्राम पहिल्याच तासाला भेटले असते. जुन्या फाईली स्कॅन करण्यावर घातलेला पैसा हा सगळ्यात वाया गेलेला पैसा. पाच वर्षांच्या फाईली स्कॅन केल्या, पण आतल्या पानांना नाव-गाव न देता, त्यामुळं उघडून शोधायला कागदापेक्षा जास्त वेळ लागतो आणि कुणी उघडत नाही. नेहमी येणारे डायलिसिस, डायबेटिस, हृदयाचे पेशंट, तेवढ्यांचंच एक-एक पानाचं सारांश हातानं भरून घेतलं असतं तर भागलं असतं. आणि मोबाईल नंबर पोराचा असल्यामुळं आईचा रिपोर्ट पोराला जातो, यावर आईला विचारलं का, हा प्रश्न 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आल्यावर आम्ही फॉर्मात घातला. तो आधीच सुचायला पाहिजे होता, कारण एका बाईनं मला स्पष्ट सांगितलं होतं की हे घरी कळता कामा नये.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात बाळाची नोंद "बेबी ऑफ महादेवी" अशी होते, जुळं असेल तर एक आणि दोन. बारशानंतर बाळाला नाव मिळतं, दीड महिन्यानं लसीला येतं तेव्हा आजी नवीन नाव सांगते आणि खिडकीवर नवीन नोंद होते, जन्माच्या वेळचं वजन आणि कावीळ जुन्या नोंदीत राहते. काका याच्यावर काय करायचे तर आईच्या फाईलला बाळाचा कागद सुतळीनं बांधून ठेवायचे, आणि बाळाचं नाव कळलं की आईच्या पानावर पेन्सिलनं लिहायचे. सॉफ्टवेअरमध्ये आई-बाळ जोडायची सोय वेगळे पैसे भरून मिळते, कंपनीचं कोटेशन ट्रस्टकडं पडून आहे. तोपर्यंत लसीकरणाच्या खोलीत एक जाड वही ठेवलीय, काका रोज सकाळी दहा ते अकरा तिथं बसतात.